आधी भुरी, मग मी

मापटं तांदळानं भरून उंबऱ्यावर ठेवलं होतं. शालू सावरून मी उजवा पाय उचललाही होता, तेवढ्यात मागं कुणीतरी ओरडलं, "आरं, कुत्रं! कुत्रं शिरलं बघा वरातीत!"

मी पाय खाली ठेवला आणि वळून बघितलं. भुरी होती. आमची भुरी. जीभ बाहेर, अंगभर पांढरा फुफाटा, आणि तव्यावरून चालल्यासारखी एकेक पाय उचलत येत होती. माणसांच्या पायांमधून वाट काढत ती सरळ माझ्याकडं निघालेली. वाटेत तिला भाकरीचा तुकडा दिसला. गजराकाकूंनी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंनी, नुकताच तो आम्हा नवराबायकोवरून ओवाळून बाजूला भिरकावला होता. भुरीनं तो हुंगलासुद्धा नाही. एका घासात गिळला आणि माझ्या पायाशी येऊन अंग टाकलं.

"अगं बया बया बया!" गजराकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "ववाळलेला तुकडा खाल्ला की गं कुत्र्यानं! पयल्याच पावलाला अपशकुन!"

"कुत्रं न्हाई काकू, कुत्री हाय," मी म्हणाले. "आन् तुकडा तुम्ही टाकूनच दिला हुता न्हवं? टाकलेलं कुणीतरी खाणारच की."

मागं दोन पोरी फिस्सकन हसल्या. मग बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नवरी बोलली होती! कपाळाला मुंडावळ्या, नाकात नथ, अंगाची हळद अजून निघाली नाही, आणि ही भवानी उंबऱ्याबाहेरूनच उलट बोलतेय. त्या काळी आमच्या माण-खटावाकडं नवरीनं नुसती मान वर केली तरी आठवडाभर पाणवठ्यावर दुसरा विषय नसायचा.

दारात, जरा आतल्या अंगाला, तानूबाई उभ्या होत्या. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मामंजी जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळं पोटच्या लेकाला आणि सुनेला ओवाळायचा मान त्यांना नव्हता. तो सवाष्ण म्हणून गजराकाकूंकडं गेला होता. बाकी घर आत्याबाईंचं, रान आत्याबाईंचं, आणि शब्दही त्यांचाच चालायचा. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण आवाज असा की गोठ्यातला बैल कान टवकारायचा.

"वळखीची हाय का तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"माझीच हाय, आत्याबाई."

"बरं. हाकल तिला आन् आत ये. लोकं जेवायची खोळंबलीत."

"न्हाई."

"काय न्हाई?"

"आधी भुरी आत येईल. मग मी."

आता आधीच सांगून टाकते, मी काही लपवाछपवी केली नव्हती. मला बघायला आले होते त्याच दिवशी मी सांगितलं होतं, चारचौघांत सांगितलं होतं. नवऱ्यामुलाच्या मामांनी उगीच रीत म्हणून विचारलं, "पोरी, तुला काय इच्यारायचंय का?" अशा वेळी पोरीनं मान हलवायची असते. मी म्हणाले, "इच्यारायचं न्हाई, सांगायचंय. माझी कुत्री माझ्यासंगं येईल." सगळी बैठक खो खो हसली. एकाला तर चहाचा ठसका लागला. पाव्हणे म्हणाले, पोरगी मोठी विनोदी हाय बुवा. आणि उत्तम, हा माझा नवरा, तोही हसत हसत म्हणाला, "येऊ दे की!"

मला तो तिथंच आवडला. आता बोला! सगळ्यांनी चेष्टा समजून सोडून दिलं आणि मी वचन समजून पदराला बांधलं.

आमचं घर खोरवाडीच्या टोकाला, डांबरी सडकेला लागून. कुणाला नको झालेलं कुत्रं सोडायचं असलं की लोक आमच्या विहिरीपाशी आणून सोडायचे. पोत्यात घालून पिल्लं टाकून जायचे. त्यामुळं आमच्या दारात कायम तीन-चार जीव असायचेच. गावातली पोरं मला बघून भुंकायची. मी म्हणायचे, भुंका. तुमच्यापेक्षा माझी बरी भुंकतात.

भुरी त्यातली नव्हती. ती मी स्वतः उचलून आणली. तालुक्याच्या स्टँडवर एका हॉटेलवाल्यानं तिच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं होतं. का, तर भज्यांच्या परातीकडं बघत बसते म्हणून. मी तेव्हा आठवीत. दप्तरातली पुस्तकं मैत्रिणीकडं दिली, दप्तराच्या पिशवीत भुरीला घातलं आणि एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, पिशवीत काय हाय? मी म्हणाले, कोंबडी. तेवढ्यात कोंबडी कण्हली. पण तो भला माणूस होता. त्यानं दुसरीकडं बघितलं. खोबरेल तेल आणि हळद लावून लावून ती जगली. पाठीवर तळहाताएवढ्या जागेत केस मात्र परत आले नाहीत. आणि माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खाणं तिनं कायमचं सोडलं. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्याही हातचं नाही. मी मामाकडं दोन दिवस गेले तर ती दोन दिवस उपाशी. ओवाळलेला तो तुकडा तिनं गिळला, तो माझ्यावरून उतरवलेला म्हणूनच असणार.

म्हणून म्हणते, हा हौसेचा मामला नव्हता. ती मागं राहिली असती तर मेली असती. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती मला सोडून कुणालाच खरी वाटत नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी आण्णांना विचारलं, "भुरी जीपमध्ये माझ्यापाशीच बसंल न्हवं?" आण्णा कसनुसे हसले. म्हणाले, "अगं वैजंता, बैठकीत बोललेलं येवढं धरून बसायचं नसतं." आणि लग्नाच्या दिवशी सकाळीच त्यांनी तिला वैरणीच्या खोपीत कोंडली. मला कळलं ते जीप निघाल्यावर, खोपीतून तिचं ओरडणं कानावर आलं तेव्हा. घाटाच्या पायथ्याशी मागं बघितलं तर लांब सडकेवर एक भुरका ठिपका पळत होता. वैशाखातलं ऊन, डांबर वितळलेलं.

"थांबवा," मी म्हणाले. "माझी भुरी मागनं येतीया."

पुढं बसलेले दौलतकाका, गजराकाकूंचे मालक, म्हणाले, "थांबायचं न्हाई. दिवस मावळायच्या आत नवरी घरात पायजे."

मी उत्तमकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मागं सडकेकडं बघितलं, आणि मग समोर बघत बसला. घाटात ठिपका दिसेनासा झाला. मी रडले नाही. रडले असते तर बायका म्हणाल्या असत्या, माहेरासाठी रडतेय बिचारी. मला तशी खोटी दया नको होती. मी दात आवळून बसले आणि मनातल्या मनात त्या जीपला, ड्रायव्हरला, दौलतकाकांना आणि नवऱ्याला जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या घातल्या.

तर आता ती आली होती. वेशीपासून वाजतगाजत, रेंगाळत आमची वरात दारात येईपर्यंत तिनं गाठलं होतं. आली कशी हे तिचं तिलाच ठाऊक.

"अवं, बघत काय बसलाय? हाणा की तिला!" गजराकाकू ओरडल्या.

दौलतकाकांनी मांडवाच्या कडेची काठी उचलली. मी तशीच भुरीच्या आणि काठीच्या मधे जाऊन उभी राहिले. आता झालं असं, की माझ्या शालूच्या पदराची आणि उत्तमच्या शेल्याची गाठ बांधलेली. देवघरातल्या देवाला नमस्कार होईपर्यंत ती सुटत नसते. मी पुढं उडी मारली तसा उत्तम मागून फरफटत आला, दौलतकाकांवर आदळला आणि त्याचा फेटा सुटून गळ्यात आला. पोरं टाळ्या पिटायला लागली. बेंजोवाल्याला वाटलं काहीतरी झालं, त्यानं मधेच दोन सूर वाजवले आणि शिव्या खाल्ल्या.

"काका, काठी खाली ठिवा," मी म्हणाले. "एक बसली तर ती मला बसंल, आन् मग सगळ्या तालुक्यात सांगीन, नवरीला दारात मारली म्हणून."

काकांनी काठी खाली ठेवली नाही, पण वरही उचलली नाही.

आत्याबाई उंबऱ्यावरून हलल्या नव्हत्या. "उत्तम," त्या म्हणाल्या, "गाठ सोड आन् आत ये. ही बसंल तिच्या कुत्रीला घिऊन. वारा लागला की डोकं थंड हुईल."

मी तिथंच पायरीवर बसले. गाठ होतीच, त्यामुळं उत्तमलाही बसावं लागलं. भुरी आमच्या दोघांच्या मधे येऊन पडली. आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे आणि तो मांडवातला आहे, पण मला विचाराल तर खरा फोटो त्या पायरीवर काढायला हवा होता.

"तुम्ही येऊ दे म्हणाला हुता," मी खालच्या आवाजात म्हणाले.

"मला वाटलं चेष्टा करतीयास."

"मी कुत्र्यांची चेष्टा करत न्हाई."

"मला काय ठावं?" तो म्हणाला. मग भुरीकडं बघत, "जीप थांबवायला पायजे हुती म्या."

"पायजे हुती."

"उत्तम!" दारातून आवाज आला. "ऐकू येतंय का? गाठ सोड."

उत्तमनं दोन्ही हातांनी गाठ धरली. मला वाटलं, सोडतोय. पण त्यानं ती नुसतीच मुठीत धरली, अशी घट्ट की बोटं पांढरी पडली, आणि मान खाली घालून म्हणाला, "न्हाई सोडत, आई."

बस्स, एवढंच. त्या सबंध संध्याकाळी तो दुसरं काही बोलला नाही. जन्मभर कमीच बोलला तो. पण मला तेवढं पुरलं.

आता अंगणात कुजबुज वाढली. पंगतीचे पाट मांडलेले, पण नवरी घरात गेल्याशिवाय पान वाढायचं कसं? पोरं भुकेनं किरकिरायला लागली. बापू गुरव म्हणून एक म्हातारबाबा होते, ते पुढं आले. "तानूबाय, तुझ्या देव्हाऱ्यात खंडोबा हाय न्हवं?"

"हाय की."

"मग त्येच्या घोड्याच्या पायाशी काय असतंय?"

लोक हसले. मला वाटलं, जिंकलं. पण आत्याबाई कसल्या ऐकतात! "बापू, त्यो खंडोबाचा कुत्रा. ही नवरी कुठं म्हाळसा लागून गेलीय?" अंगण पुन्हा हसलं, या वेळी माझ्यावर. बापू गुरव मागं सरकले.

सांगते, मी भ्याले होते. सून दारातनं माघारी आली म्हटल्यावर आण्णांचं काय होईल हे मला दिसत होतं. माझ्या पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या व्हायच्या होत्या. आई नव्हती आम्हाला. मी आठवीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती गेली. आण्णा एकटे किती जणांना तोंड देणार? एक पाय उचलायचा, मापटं लवंडायचं आणि आत जायचं, की सगळं सरळ होणार होतं. फक्त भुरी बाहेर राहिली असती. आणि माझं असं झालं होतं की आज जर मी तिला बाहेर ठेवून आत गेले, तर पुढं या घरात माझा म्हणून कुठलाच शब्द उभा राहणार नाही. आज कुत्री, उद्या आणखी काही. मी ओठ चावले आणि बसून राहिले.

गजराकाकूंच्या अंगात आता चांगलंच आलं होतं. त्या माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय गं, तुझ्याकडचं कुणी शाणंसुरतं माणूस हाय का न्हाई हितं? पाठराखीण कुठाय तुझी? तिला तरी इच्यारू, असली कशी पोरगी वाढवली ते."

पाठराखीण नव्हतीच.

व्हायची होती माझी मावशी. नवरीबरोबर सासरी जायचं, पाच दिवस तिच्या पाठीशी राहायचं, तिला धीर द्यायचा, आणि मांडवपरतणीला तिच्याबरोबरच माघारी यायचं, असा तो मान. पण मावशीला आहेरात नऊवारीऐवजी सहावारी गेली. पेटीत लुगडी कुणी ठेवली, कुणी काढली, देव जाणे. मावशीनं ती साडी आण्णांच्या पुढ्यात ठेवली, म्हणाली, मला काय नटवी समजलात काय, आणि अक्षता पडायच्या आत दुपारच्या एसटीनं निघून गेली. मग ऐनवेळी कोण येणार? बहिणी लहान, चुलत्यांशी बोलणं नाही. जीपमध्ये माझ्या बाजूचं माणूस म्हणून एकही नव्हतं.

"बघा!" काकू सगळ्यांकडं फिरून म्हणाल्या. "पाठराखीण बी न्हाई! माहेरचं एक माणूस पाठीशी उभं ऱ्हायलं न्हाई पोरीच्या. वाऱ्यावर सोडली हिला, म्हणून ही असली."

ते मात्र मला लागलं. आतापर्यंत मी भांडत होते, तोंडाला तोंड देत होते. मी उठून उभी राहिले. उत्तमही उठला.

"आलीया की," मी म्हणाले. "पळत आलीया."

"कोण?"

"ही काय पायाशी पडलीया ती. माझ्या बापानं तिला कोंडली हुती, ती खोप उकरून बाहेर पडली. तुम्ही जीप थांबवली न्हाई, ती घाट चढून आली. दोन पायांची माणसं लुगड्यावरनं रुसून गेली. ही रुसली न्हाई. माझी पाठराखीण हीच, काकू. आता तिला आत घ्यायची का न्हाई ते तुम्ही ठरवा. पण पाठराखणीला दाराबाहेर ठिवायची रीत तुमच्यात असंल, तर माझ्यात न्हाई."

आणि मी वाकून भुरीचा पुढचा पाय उचलून दाखवला. मला स्वतःलाच तोवर नीट दिसलं नव्हतं. तळव्याची कातडी निघाली होती. डांबर, माती आणि रक्त यांचा चिखल झाला होता. भुरी कण्हली नाही. तिनं माझ्या मनगटाला जीभ लावली, एवढंच.

गजराकाकू काहीतरी बोलायला गेल्या आणि नुसतंच तोंड मिटलं.

आत्याबाई उंबऱ्यावरनं खाली उतरल्या. मापट्याला धक्का लागू नये म्हणून लुगडं गोळा करून, बाजूनं, सावकाश. त्या माझ्याकडं आल्या नाहीत. भुरीपाशी आल्या, उकिडव्या बसल्या, आणि तो पाय लांबूनच न्याहाळला.

"सगळा घाट?" त्यांनी विचारलं.

"सगळा."

"वाटंत पाणी बी न्हाई कुठं."

"न्हाई."

मग माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. आवाज नेहमीचाच, खडखडीत, पण शब्द जरा अडखळत येत होते. "मी आले तवा कळती बी न्हवते. बैलगाडीतनं आणली मला. माझी पाठराखीण आजी हुती, ती घाटातच माघारी फिरली. तिला ताप भरला. मी गाडीतनं मागं बघत बसले हुते, आता कुणीतरी यील, आता यील. आईनं कुणाला तरी धाडलं आसंल. ह्याच पायरीवर उतरवली मला, तवर बघत हुते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "कुणी आलं न्हाई. कुत्रं बी न्हाई."

मी भुरीचा पाय हळूच खाली ठेवला.

आत्याबाई उठल्या. "पाणी आणा गं कुणीतरी. तांब्या न्हवं, घागर आणा. आन् हळद."

"अवं तानूबाय!" गजराकाकूंना आता वाचा फुटली. "काय करताय? शुभकार्य हाय. तुमी पुढं हून कसं चालंल? आन् कुत्र्याचं पाय—"

आत्याबाईंनी वळून बघितलं. तो चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यभर मागं सरकून उभी राहिलेली बाई होती ती. लेकाच्या हळदीला मागं, लेकाच्या अक्षतेला मागं, लेक-सून दारात आली तरी दाराच्या आतल्या अंगाला.

"गजरे," त्या म्हणाल्या, "ववाळायला सवाशीण लागती, मला म्हाईत हाय. म्हणून मी तुला पुढं केली. पाठराखणीचं पाय धुवायला सवाशीण लागती, असं कुणी सांगितलंय का तुला? सांगितलं आसंल तर त्येचं नाव सांग. न्हाईतर व्हय बाजूला."

काकू बाजूला झाल्या. दौलतकाकांनी काठी कधी खाली टाकली, मी बघितलं नाही.

घागर आली. आत्याबाईंनी पदर खोचला आणि भुरीचे पाय धुतले. चारही. भुरी परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नसे. तिनं आधी दात दाखवले. आत्याबाई म्हणाल्या, "दाव, दाव दात. मला बी हायती." आणि पाय सोडला नाही. मी भुरीचं डोकं धरून बसले होते. पाणी तांबडं होऊन अंगणात पसरलं. तळव्यांना हळद दाबून लावली आणि आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"झालं? आता तरी येतीस का आत?"

माझा हट्ट मेला नव्हता. मी म्हणाले, "आधी भुरी."

"ए पोरी!" त्या कडाडल्या. "पाठराखीण कधी नवरीच्या पुढं गेलीय का? ती मागनंच येती. तुझं सगळं ऐकलं, आता रीत मला शिकवू नगंस."

हे मात्र बरोबर होतं. मी पहिल्यांदाच मान खाली घातली, पदर सारखा केला, आणि उजव्या पायानं मापटं लवंडलं. तांदूळ घरभर गेले. माझ्यामागून उत्तम, गाठीला धरून. त्याच्यामागून लंगडत भुरी. ती उंबऱ्यापाशी थबकली, तेव्हा आत्याबाई मागून म्हणाल्या, "जा की आता! का तुला बी अक्षदा टाकून बोलवू?"

ती आत आली.

पुढचे पाच दिवस म्हणजे एक तमाशाच होता. आत्याबाईंनी पहिल्याच रात्री हुकूम सोडला, चुलीपाशी यायचं नाही, देवघरात जायचं नाही, अंथरुणावर चढायचं नाही. पण पाठराखीण म्हटल्यावर तिला वाढायला घरची कर्ती बाईच हवी ना! आत्याबाईंनी ताकात भाकरी कुस्करली आणि तिच्यापुढं ठेवली. भुरीनं तोंड फिरवलं.

"मी घालते, आत्याबाई. ती माझ्याच हातचं खाती."

"तू नवरी हाईस, बस गप. मानपान पायजे व्हय हिला? बघतेच."

त्या रोज तिच्यापुढं ताटली ठेवायच्या आणि लांब भिंतीला टेकून बसायच्या. ती खायची नाही. मग त्या उठून गेल्या की मी गुपचूप भरवायचे. चौथ्या दिवशी मी परसातून भांडी घेऊन येत होते, तर आतून आवाज आला. आत्याबाई तिच्याशी बोलत होत्या. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही, पण मामंजींचं नाव आलं त्यात. मी दाराच्या फटीतून बघितलं. त्यांच्या हातावर भाकरीचा काला होता आणि भुरी तो चाटून पुसून खात होती. मी आल्या पावली मागं फिरले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. कुणाला काही सांगितलं नाही. आत्याबाईंनीही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी मांडवपरतणीला आण्णा आले. जीप सडकेलाच ठेवून चालत आले, मान खाली. पिंपळदऱ्यात, माझ्या सासरच्या दारात, नवरीनं काय केलं ते खोरवाडीला दुसऱ्या दिवशीच पोचलं होतं. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले.

"विहीणबाई, माझं चुकलं. पोरीला आई न्हाई, लाडानं डोक्यावर बसली. तुमाला चारचौघांत खाली बघायला लागलं. तुमच्या पाया पडतो. ती कुत्री आता मी घिऊन जातो आन् तिकडंच साखळीनं बांधून ठिवतो. पुन्हा तुमच्या दाराला दिसायची न्हाई."

मी पदराआडून आत्याबाईंकडं बघत होते. भुरी त्यांच्या जोत्याच्या सावलीला पडलेली, पायांना फडकी बांधलेली. फडकी आत्याबाईंच्याच जुन्या लुगड्याची होती.

आत्याबाईंनी आधी आण्णांना बसायला पाट दिला. पाणी दिलं. गुळाचा खडा दिला. आण्णा पाणी पिऊन होईस्तोवर थांबल्या.

"व्याहीबुवा," मग त्या म्हणाल्या, "पाठराखीण नवरीसंगं आलीया, नवरीसंगंच जाईल. दोघींला न्या. चार दिस लाड करा. पर एक ध्येनात ठिवा."

"बोला की."

"दोघींतली एकच माघारी आली," आत्याबाई म्हणाल्या, "तर दार उघडायची न्हाई मी."